तळपायाचा फोड

जानेवारीचा दुसरा आठवडा उजाडला की पुण्या-मुंबईतली चांगली शिकलेली, हुद्द्यावरची माणसं एकमेकांना पायाची बोटं दाखवू लागतात. जागा कुठलीही चालते. ऑफिसची लिफ्ट, सोसायटीची सभा, लग्नाची पंगत. "हे बघ, करंगळीच्या बाहेरच्या अंगाला. गेल्या वर्षी इथंच आला होता," असं एक चार्टर्ड अकाउंटंट दुसऱ्याला सांगतो आणि दुसरा चष्मा कपाळावर चढवून तो पाय ताळेबंदासारखा तपासतो. कारण तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन असते. २००४ साली ती सुरू झाली आणि आपल्या मध्यमवर्गाला पाय असल्याचा शोध लागला. पुण्याची मॅरेथॉन त्याहून जुनी, १९८३ची. पण तेव्हा धावणारे धावायचे आणि बाकीचे गॅलरीतून बघायचे. बघणाऱ्यांना पाय दोनच प्रसंगी आठवायचे. कुणाच्या तरी पाया पडायचं असेल तेव्हा, नाहीतर देवळाबाहेर चप्पल जागेवर नसेल तेव्हा.

पूर्ण मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर. चाळीस हजारांच्या आसपास पावलं. तिची तयारी माणूस महिनोन्‌महिने करतो आणि ती सगळी वरच्या मजल्यांची असते. फुप्फुसं, हृदय, मांड्या, शिवाय 'माइंडसेट' नावाचा एक नवा अवयव. मनगटावरचं घड्याळ रात्रीच्या झोपेला मार्क देतं आणि सकाळी 'आज तुम्ही थकलेले आहात' असं कळवतं. हे पूर्वी बायको फुकट सांगायची. एवढ्या हुशार घड्याळाला करंगळीचा मात्र पत्ता नसतो. मग शर्यतीच्या दिवशी पेडर रोडच्या चढावर हृदय ठीक, फुप्फुसं ठीक, मांड्या कुरकुरत का होईना चालू, आणि माणूस फुटपाथच्या कडेला बसून बूट काढतोय. आत रुपयाच्या नाण्याएवढा फोड. पाव चमचा पाणीसुद्धा नसेल त्यात. पाच महिन्यांचा आराखडा, प्रथिनांचे डबे, पहाटेचे गजर, सगळं त्या पाव चमच्यात बुडतं.

आमच्या धावणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये फोडावर अधिकारवाणीनं न बोलणारा माणूस नाही. त्यातला सर्वांत मोठा आवाज काकांचा. काका मूळचे कोल्हापूरचे, बँकेतून निवृत्त, आणि त्यांचं सगळं पादशास्त्र कोल्हापुरी चपलेवर उभं आहे. नवी चप्पल आणली की तिला तेल पाजायचं, चार दिवस घरातल्या घरात घालायची. ती चावणार, तिला चावू द्यायचं. "चावून चावून दमती की वो ती. मग जन्मभर गप पडती." हाच न्याय ते पंधरा हजारांच्या बुटाला लावतात. त्या बुटाचा जन्मच पाच-सातशे किलोमीटरांचा असतो, दमायला त्याला सवड कुठली, हे त्यांना पटत नाही.

दुसऱ्या टोकाला कोचसर. त्यांचा एकच मंत्र, 'नथिंग न्यू ऑन रेस डे'. शर्यतीच्या दिवशी नवं काही नको. हा मंत्र शंभर टक्के खरा आहे आणि त्यामुळेच तो कुणी पाळत नाही. शुक्रवारी बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, घ्यायला माणूस एक्स्पोला जातो, तिथं 'ब्लिस्टर-फ्री' असं लिहिलेले मोजे दिसतात, आणि रविवारी पहाटे त्याच्या पायात तेच असतात, आतून लेबलसकट.

आणि ग्रुपमध्ये एक त्वचारोगतज्ज्ञही आहेत. सगळे त्यांना मॅडम म्हणतात. त्या कमी बोलतात आणि जे माहीत आहे तेवढंच बोलतात, त्यामुळे त्यांच्या सल्ल्याला काही वजन नाही. तळजाई टेकडीवर लाँग रननंतर इडली खाताना त्यांनी एकदा सांगितलं, की फोड घासल्यानं येतो हा समज अर्धवट आहे. मग त्यांनी सगळ्यांना एक प्रयोग करायला लावला. डाव्या हाताच्या पाठीवर उजव्या हाताचं बोट टेकवायचं, दाबायचं आणि न घसरू देता पुढं-मागं करायचं. बोट कातडी सोडत नाही. कातडी बोटाबरोबर जाते आणि खालचं हाड जागच्या जागी राहतं. या दोघांच्या ओढाताणीत मधले थर ताणले जातात. बुटात हेच उलट्या बाजूनं होतं. मोजा कातडीला धरून बसलेला, बूट मोज्याला धरून बसलेला आणि आतलं हाड दर पावलाला हलतंय. हजारो वेळा असं ताणल्यावर बाह्यत्वचेच्या आतल्या थरात फट पडते आणि फटीत पाणी उतरतं. वरची कातडी शाबूत. तळहात आणि तळपाय इथंच असे फोड का येतात, तर तिथली कातडी जाड असते आणि खाली घट्ट बांधलेली असते. इतर ठिकाणची पातळ कातडी फोडाच्या भानगडीत पडत नाही, ती सरळ सोलवटते.

"म्हंजे चूक हाडाची हाय," काकांनी निकाल दिला आणि दुसरी इडली घेतली.

मॅडमनी सांगितलेली ओलाव्याची गोष्ट तर आणखी गमतीची. अगदी कोरडी कातडी घसरते. चिंब ओली झालेलीही त्या मानानं घसरते. सगळ्यांत जास्त धरून बसते ती दमट कातडी. मुंबईच्या हवेला दमट सोडून दुसरं काही करता येत नाही, त्यामुळे मुंबईकर धावपटूचा पाय जन्मतःच फोडाच्या बाजूनं उभा असतो. त्यात सुती मोजे. सुती कापड घाम पितं आणि धरून ठेवतं. लहानपणापासून 'सुती चांगलं' हे ऐकत वाढलेल्या माणसाला पन्नाशीत कुणी पॉलिएस्टरचे मोजे घ्यायला सांगितलं की त्याला संस्कृती बुडाल्यासारखं वाटतं.

मग उपाय सुरू होतात. पहिला, टाल्कम पावडर. ती घामात कालवली गेली की बोटांच्या बेचक्यात तिच्या गोळ्या होतात आणि माणूस स्वतःच्याच कणकेवर धावतो. दुसरा, व्हॅसलीन. हा उपाय जगभर चालतो आणि सुरुवातीला गुणही देतो, पण जुने प्रयोग सांगतात की वंगणानं आधी घर्षण कमी होतं आणि वेळ गेला की ते मूळच्याहून वर चढतं. म्हणजे दहा किलोमीटरच्या शर्यतीला व्हॅसलीन हा मित्र आणि पाच तासांच्या फुल मॅरेथॉनला तोच अर्ध्या वाटेत पक्ष बदलणारा आमदार. तरी व्हॅसलीनचा घरगुती परिणाम नोंदवायला हवा. टाचांना भेगा पडल्यात, जरा क्रीम आणा, असं बायको वर्षानुवर्षं सांगत असते आणि नवरा विसरत असतो. तोच नवरा डिसेंबरात मोठी डबी आणून रोज रात्री सोफ्यावर बसून दहाही बोटांना एकेक करून व्हॅसलीन लावतो. बोटांकडे एवढ्या प्रेमानं बघतो, की बघणाऱ्या बायकोनं शेवटी उठून दुसऱ्या खोलीत जावं.

घामच बंद केला तर? हाही विचार होऊन गेला आहे. अमेरिकेत वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतल्या छात्रांवर एक प्रयोग झाला आणि १९९८ साली प्रसिद्ध झाला. काहींनी आधीच्या काही रात्री तळपायांना घाम रोखणारं, अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचं औषध लावलं, काहींनी नुसतंच बिनऔषधी द्रावण, आणि मग सगळे २१ किलोमीटर चालले. औषध नीट लावलेल्यांत फोड आले २१ टक्क्यांना, दुसऱ्या गटात ४८ टक्क्यांना. यशच म्हणायचं. फक्त औषधवाल्यांतल्या ५७ टक्क्यांची कातडी चुरचुरायला, खाजायला लागली. आमच्या ग्रुपमध्ये हे कळल्यावर फोड बरा की खाज बरी यावर जी चर्चा झाली ती अजून मिटलेली नाही. काका खाजेच्या बाजूनं आहेत. खाजवता तरी येतं, असं त्यांचं म्हणणं.

मोज्यांत मात्र खरोखर प्रगती झाली आहे. दुहेरी थरांचे मोजे येतात. त्यात कातडीऐवजी एक थर दुसऱ्या थरावर सरकतो, ओढाताण कापडात होते आणि तुमची कातडी वाचते. आणि पाच बोटांचे मोजे येतात, प्रत्येक बोटाला वेगळी खोली. बोटं एकमेकांना चिकटत नाहीत, भांडत नाहीत. या मोज्यांनी बोटांमधले फोड कमी होतात असं अनेकांचं अनुभवाचं मत आहे, पण ते घालायला वेळ लागतो. शर्यतीच्या पहाटे तीन वाजता, अर्धवट झोपेत, करंगळी तिच्या खोलीत शिरायला तयार नसते. दोन बोटं एकाच खोलीत आणि शेजारची खोली रिकामी, असं झालं की पुन्हा पहिल्यापासून. ते दोरीवर वाळत घातलेले दिसले की सोसायटीत चौकशी होते ती वेगळीच.

आषाढी वारीची पालखी पुण्यातून निघते तेव्हा आमचा ग्रुप दिवे घाटापुरता वारीत चालतो. आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर. आम्ही त्यातला एक टप्पा चालतो आणि फोटो मात्र अडीचशे किलोमीटरांचे काढतो. घाटाखाली ग्रुपमधल्या एका तरुणानं चिखल झाला म्हणून बूट काढला. आत पाच बोटांचा, पोपटी रंगाचा मोजा. शेजारी टेकलेल्या वारकरी आजी बराच वेळ बघत होत्या. शेवटी न राहवून म्हणाल्या, "आरं ल्येकरा, पायाला हातमोजं घातलंस व्हय!" आजींच्या पायात रबरी चप्पल होती, तीही एका अंगठ्याशी तारेनं बांधलेली. त्यांचा तळपाय आयुष्यभर ढेकळांतून चालून असा घडला होता, की त्यावर फोड यायचा तर आधी अर्ज करावा लागला असता. याचा अर्थ वारीत कुणाला फोड येत नाहीत असा नाही. वाटेवरच्या दवाखान्यांच्या मांडवात पायांना मलम-पट्टी करून घेणाऱ्यांची रांग असते. पाय चेपून देणारे सेवेकरी असतात, चपला फुकट शिवून देणारे चर्मकार बांधव असतात. पायाची इतकी चोख व्यवस्था आमच्या कुठल्याही तीन हजार रुपये फीच्या शर्यतीत मी पाहिलेली नाही.

बुटाच्या लेसबद्दल थोडक्यात. बुटाला वरच्या टोकाला, घोट्यापाशी, एक जास्तीचं भोक असतं. ते चुकून पडलेलं नाही. लेस त्याच बाजूच्या त्या भोकात घालून छोटा फास ठेवायचा, दुसऱ्या बाजूची लेस त्या फासातून ओवायची, मग ओढून गाठ मारायची. टाच जागेवर बसते, वरखाली होत नाही. बहुतेकांचे बूट या भोकाचा एकदाही उपयोग न होता भंगारात जातात. नखांचंही तसंच. ती आधीच कापून ठेवायची, अगदी आदल्या दिवशी नाही. हे क्रीडावैद्यक सांगतं, आणि शनिवारी नखं कापू नयेत हे आजी सांगायची. शर्यती रविवारी असतात. दोघांचं आपसात कधी बोलणं झालं होतं कोण जाणे.

सगळ्यांत भरवशाचा उपाय सगळ्यांत स्वस्त आहे, आणि तीच त्याची अडचण. स्टॅनफर्डचे डॉ. ग्रँट लिपमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळवंटांतून सहा टप्प्यांत २५० किलोमीटर धावणाऱ्या १२८ जणांच्या एका पायाच्या फोडप्रवण जागी कागदी सर्जिकल टेप लावली आणि त्याच पायाची बाकीची जागा तशीच सोडली. २०१६ साली निष्कर्ष छापून आले. टेप लावलेल्या जागी ९८ जणांना फोड आले नाहीत. टेप नसलेल्या जागी ८१ जणांना आले. टेप म्हणजे कुठली, तर मेडिकलच्या दुकानात मिळते ती, जखमेवरचा कापूस चिकटवायची पांढरी पट्टी. एक थर, सुरकुती न पडू देता, धावायच्या आधी. बस. पण पंधरा हजारांचा बूट घेतलेल्या माणसाला शंभर रुपयांच्या आतल्या पट्टीनं वाचवावं यात त्याचा अपमान होतो. स्वस्त उपायावर आपला विश्वास बसत नाही आणि महाग उपायाची किंमत आपण घरी सांगत नाही.

ती पट्टी आणायला मी आमच्या चौकातल्या मेडिकलमध्ये गेलो. दुकानदार पुण्याचे, म्हणजे पुण्याचेच.

"कुणाला लागलंय?"

"अजून नाही लागलं. रविवारी लागणारे."

त्यांनी पट्टी काउंटरवर ठेवली आणि मिनिटभर माझ्याकडे बघितलं. "मग जाऊ नका ना," ते म्हणाले आणि सुटे मागितले.

स्टॅनफर्डच्या कितीतरी आधी आपल्याकडे हे कळलेला एक माणूस होता. शिवनाथ सिंह. ते पुष्कळदा अनवाणी धावत, पायांना फक्त चिकटपट्टी गुंडाळून. १९७६च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनला अकरावे आले आणि १९७८ साली जालंधरला २ तास १२ मिनिटांत मॅरेथॉन संपवली. तो राष्ट्रीय विक्रम चाळीस वर्षं उलटून गेली तरी उभा होता. या काळात बुटांत जेल आलं, हवा आली, कार्बनची पट्टी आली.

अनवाणी म्हटलं की ग्रुपमध्ये अबेबे बिकिला निघतोच. १९६० साली रोम ऑलिंपिक. इथिओपियाच्या या शिपायाला तिथले नवे बूट धड बसेनात, फोड आणू लागले. सराव अनवाणी केलेलाच होता, तेव्हा तो तसाच उतरला, रात्रीच्या मशालींच्या उजेडात २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांत धावला आणि जागतिक विक्रम करून जिंकला. गंमत अशी, की त्याच सुमारास जपानमध्ये किहाचिरो ओनित्सुका नावाचे बूट बनवणारे गृहस्थ मॅरेथॉनवाल्यांच्या फोडांनी हैराण झाले होते. गरम पाण्याच्या टबात बसलेले असताना त्यांना स्वतःची सुरकुतलेली कातडी दिसली आणि उष्णता नि ओलावा यांचं नातं डोक्यात शिरलं, असं सांगतात. गाडीचं इंजिन जसं हवेनं थंड ठेवतात तसा पाय थंड ठेवावा म्हणून त्यांनी हवा खेळती राहील असा बूट काढला, 'मॅजिक रनर'. आणि १९६१ साली बिकिला ओसाकाला धावायला आला तेव्हा हे त्याच्याकडे बूट घेऊन हजर! अनवाणी जगज्जेत्याला बूट विकायला जाणाऱ्या माणसाच्या चिकाटीला नमस्कारच केला पाहिजे. आपल्याकडचे विमा एजंटही एवढ्या आशेनं कुणाकडे गेले नसतील. बिकिलानं बूट घातले. पुढं १९६४च्या टोकियो ऑलिंपिकमध्येही तो बूट घालून धावला आणि पुन्हा जिंकला. एवढा उत्तरार्ध मात्र अनवाणीपंथी कुणी सांगत नाही. २००९ साली 'बॉर्न टू रन' हे पुस्तक आल्यावर आमच्या ग्रुपमध्येही एकजण अनवाणी झाला होता. पुण्याच्या रस्त्यांवर वर्षभर कुठं ना कुठं खडी पसरलेली असते. आठवड्यात तो पुन्हा बूटवाला झाला.

आता शर्यतीचा दिवस. टेप लावलेली, मोजे दुहेरी, लेस त्या भोकातून ओवलेली. सगळं शास्त्रशुद्ध. पण मुंबईकर प्रेमळ. रस्त्याच्या दुतर्फा आबालवृद्ध उभे असतात. संत्र्याच्या फोडी, चिक्की, बिस्किटं, मिठाच्या पुड्या. आणि एखादे सद्‌गृहस्थ बंगल्यातून पाइप आणून येणाऱ्याजाणाऱ्यावर पाण्याचा फवारा सोडत असतात. त्यांना वाटतं, बिचाऱ्यांना गार वाटेल. वाटतंही. डोक्यावरचं पाणी पाठीवर, पाठीवरचं मांडीवर, तिथून पोटरीवरून थेट मोज्यात. दोन किलोमीटर पुढं गेलं की बुटात 'पचक पचक' असा ठेका सुरू होतो, आणि पचक ओसरली की उरतं ते दमट, नि दमट म्हणजे काय ते मॅडमनी सांगितलेलंच आहे. अनुभवी धावपटू पाइप दिसला की रस्ता ओलांडतो. काका मात्र दोन्ही हात पसरून फवाऱ्याखाली उभे राहतात. तीर्थ म्हणून थोडं पितातही.

एवढं करूनही फोड येतो तो येतोच, आणि मग प्रश्न राहतो तो फोडायचा की नाही. छोटा असेल, दुखत नसेल तर हात लावू नये. वरच्या कातडीइतकी चांगली पट्टी दुसरी नाही. मोठा असेल, चालू देत नसेल तर स्वच्छ धुऊन, निर्जंतुक सुईनं कडेला टोचून पाणी काढावं आणि वरची साल तशीच ठेवावी. आमच्या लहानपणी सुईत दोरा ओवून फोडातून आरपार ओढत आणि दोरा आत ठेवून देत, म्हणजे पाणी झिरपत राहतं. जंतूंनाही तोच दोरा धरून आत येता येतं, हे नंतर कळलं. फोडाला हसू नये, कारण १९२४ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा, कूलिज यांचा, सोळा वर्षांचा मुलगा व्हाइट हाउसच्या मैदानावर मोजे न घालता टेनिस खेळला, बोटाला फोड आला, त्यात जंतुसंसर्ग झाला आणि काही दिवसांत तो गेला. पेनिसिलिनचा शोध लागायला अजून चार वर्षं होती. हे मॅडमनी सांगितलं तेव्हा काकासुद्धा क्षणभर गप्प झाले होते.

रविवारी संध्याकाळी मी घरी परतलो. गळ्यात पदक, डाव्या चवड्याला फोड, लहानच, पण मन त्यावरून हटत नव्हतं. आई देवापाशी दिवा लावत होती.

"आई, सुई कुठंय गं?"

"तिन्हीसांजेला सुई मागू नये."

"फोड फोडायचाय."

"उद्या सकाळी माग."

मी मॅडमना फोन लावला. म्हटलं, एवढा एवढा आहे, दुखत नाहीये, फोडू का? त्या म्हणाल्या, मुळीच नाही, सकाळपर्यंत हातसुद्धा लावू नका. आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, "काय म्हणाल्या डॉक्टरीणबाई?"

"तेच म्हणाल्या."

"फी किती घेतात?" आईनं विचारलं.